रीबूट केलं की एसडी कार्ड गायब : डिव्हाइस ट्रीमधलं वर्णन नेमकं कुठे चुकतं

लक्षण असं असतं. बोर्डाला पुरवठा जोडून तो पहिल्यांदा चालू केला की एसडी कार्ड व्यवस्थित दिसतं, फाइली वाचता-लिहिता येतात, वेगही चांगला मिळतो. मग रीबूटची आज्ञा दिली की कार्ड गायब. लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये ‘एमएमसी० : एरर -११० व्हाइल्स्ट इनिशियलायझिंग एसडी कार्ड’ ही ओळ एकाखाली एक चार वेळा उमटलेली असते. बोर्डाची पुरवठ्याची वायर काढून पुन्हा लावली की सगळं पूर्ववत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑपरेटिंग सिस्टिमच कार्डावर असेल तर याहून वाईट होतं : रीबूटनंतर स्क्रीनवर एकही अक्षर येत नाही, कारण चिपच्या आतल्या बूटरॉमलाच (सगळ्यांत आधी चालणाऱ्या पक्क्या प्रोग्रामला) कार्ड वाचता येत नाही.

हे दुखणं मला वेगवेगळ्या तीन बोर्डांवर भेटलं आहे. तिन्ही वेळा पहिला संशय कार्डावर गेला, दुसरा ड्रायव्हरवर. पहिल्या बोर्डाच्या वेळी तर ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी विलंब टाकण्यात मी जवळजवळ आठवडा घालवला. ड्रायव्हर बिचारा बरोबर होता. मेमरी कार्डाच्या कंट्रोलरचं आणि त्याच्या पुरवठ्याचं जे वर्णन आम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलं आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, दिलं होतं, ते बोर्डावरच्या वास्तवाशी जुळत नव्हतं. कर्नलला डोळे नाहीत. कार्डाच्या खाचेपर्यंत कोणती तार येते, ती कोण तोडू-जोडू शकतं, हे आपण सांगू तेवढंच त्याला कळतं. चुकीचं सांगितलं तर तो चुकीचंच पण अगदी प्रामाणिकपणे करतो.

एक सूचना आधीच देतो. खाली प्रॉपर्टींची, म्हणजे त्या फाइलीतल्या एकेका ओळीची, नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच लहान रोमन अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघांसकट लिहायची.

चालू असलेलं वर्णन तुमचंच आहे ना?

ही पायरी गाळू नका. आपण फाइल बदलतो, कंपाइल करतो, कार्डावर टाकतो, आणि बूटलोडर (कर्नलला सुरू करणारा प्रोग्राम) मात्र दुसऱ्याच विभागातली जुनी फाइल कर्नलच्या हाती देतो. चालू यंत्रावर ‘प्रॉक’च्या खाली ‘डिव्हाइस-ट्री’ नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात कर्नलला खरोखर मिळालेलं झाड जसंच्या तसं दिसतं. ‘डीटीसी’ या कंपायलरला त्या डिरेक्टरीवरून उलटं वाचायला सांगितलं तर पूर्ण मजकूर पुन्हा हातात येतो. तुमच्या कंट्रोलरचा नोड (त्याच्या वर्णनाच्या ओळींचा गट) त्यात शोधा, ‘स्टेटस’ची किंमत ‘ओके’ आहे का बघा, आणि तुम्ही काल केलेला बदल तिथे पोचला आहे का ते डोळ्यांनी पाहा. पोचला नसेल तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही, आधी ते निस्तरा.

दुसरी बघायची जागा ‘डीबगएफएस’मध्ये (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलींत), ‘एमएमसी०’ या डिरेक्टरीतली ‘आयओएस’ ही फाइल. घड्याळाचा वेग, बसची रुंदी, कोणता टायमिंग मोड आणि सिग्नलचं व्होल्टेज ३.३ की १.८, हे सगळं तिच्यात एका ठिकाणी मिळतं. कार्ड नीट चालत असताना या फाइलची एक नक्कल काढून ठेवा. बिघाडाच्या वेळी शेजारी ठेवून बघता येते, आणि निम्मा शोध तिथेच लागतो.

-११० चार वेळा का?

-११० म्हणजे मुदत संपली : आज्ञा पाठवली, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. कर्नल नव्या कार्डाची ओळख काढताना घड्याळ आधी ४०० किलोहर्ट्झवर ठेवतो. जमलं नाही तर ३००, मग २००, मग १००. म्हणून चार ओळी.

पण या चार ओळींत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर कर्नल कार्डाचा पुरवठा बंद करतो आणि पुढच्या प्रयत्नाआधी पुन्हा चालू करतो. निदान तसं करायला सांगतो. पुरवठा खरंच तुटत असता तर दुसऱ्या प्रयत्नाला कार्ड कोऱ्या पाटीने उठलं असतं आणि ओळख पटली असती. चारही प्रयत्न एकाच पद्धतीने फसतात, याचा अर्थ कर्नल ‘बंद कर’ म्हणतो तेव्हा बोर्डावर काहीच घडत नाही. पहिल्याच दिवशी हे ध्यानात आलं असतं तर माझा तो आठवडा वाचला असता.

कार्ड अगदीच गप्प राहिलं, पहिल्या विचारणेलाही उत्तर दिलं नाही, तर लॉगमध्ये ही ओळसुद्धा येत नाही. कर्नल समजतो की खाचेत कार्डच नाही. तेव्हा लॉग कोरा आहे म्हणून दुखणं वेगळं, असं धरून चालू नका.

कार्ड १.८ व्होल्टवर अडकून बसतं

एसडी कार्ड जागं होतं तेव्हा त्याच्या सिग्नलच्या तारा ३.३ व्होल्टवर चालतात. त्या व्होल्टेजवर जास्तीत जास्त ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे चार तारांवर सेकंदाला २५ मेगाबाइट एवढीच मजल. त्यापुढचे यूएचएस (अतिवेगवान) मोड, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा एसडीआर५० आणि २०८ मेगाहर्ट्झचा एसडीआर१०४, हवे असतील तर सिग्नल १.८ व्होल्टवर आणावे लागतात. कार्डाचा मुख्य पुरवठा ३.३ व्होल्टच राहतो, बदलतं ते फक्त सिग्नलचं व्होल्टेज. हा फरक नीट मनात ठेवा, कारण डिव्हाइस ट्रीमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या प्रॉपर्टी आहेत : मुख्य पुरवठ्यासाठी ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ आणि सिग्नलसाठी ‘व्हीक्यूएमएमसी-सप्लाय’. या दोघींची अदलाबदल मी अनुभवी लोकांच्या फाइलींतही पाहिली आहे.

बदल असा होतो. कर्नल आज्ञा क्रमांक ११ पाठवतो. कार्ड होकार देतं आणि आज्ञेची व डेटाच्या चारही तारा खाली ओढून धरतं. कंट्रोलर घड्याळ थांबवतो, सिग्नलचा रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग) १.८ वर उतरवतो, किमान ५ मिलिसेकंद थांबतो (लिनक्स सुरक्षित बाजूने १० थांबतो), घड्याळ पुन्हा सुरू करतो, आणि कार्ड तारा सोडून देतं. झालं, दोघंही १.८ वर.

आता कळीचा मुद्दा. या अवस्थेतून परत ३.३ वर यायची कोणतीही आज्ञा नाही. रीसेट म्हणून वापरली जाणारी आज्ञा क्रमांक ० सुद्धा सिग्नलचं व्होल्टेज बदलत नाही. परतीचा रस्ता एकच : कार्डाचा मुख्य पुरवठा तोडायचा. एसडीच्या नियमाप्रमाणे तो ०.५ व्होल्टच्या खाली जायला हवा आणि तिथे किमान १ मिलिसेकंद राहायला हवा.

रीबूटमध्ये प्रोसेसर रीसेट होतो, कंट्रोलर रीसेट होतो, सिग्नलचा रेग्युलेटर ३.३ वर परत येतो. कार्डाचा पुरवठा मात्र मधल्या काळात तुटलेलाच नसेल तर कार्ड अजून १.८ वरच बोलत असतं. ३.३ व्होल्टच्या पातळीवर ऐकणाऱ्या कंट्रोलरला ‘एक’ मानण्यासाठी पुरवठ्याच्या ०.६२५ पट, म्हणजे साधारण २.०६ व्होल्ट लागतात. कार्ड १.८ देतं. त्यामुळे काही बिट ऐकू येतात, काही येत नाहीत. एखादं कार्ड चालतं, दुसरं चालत नाही. सकाळी थंड असताना चालतं, दुपारी नाही. असं लहरी वागणं दिसलं की माणूस आपसूक ‘कार्ड खराब’ म्हणतो.

नव्या कर्नलांत अशा अडकलेल्या कार्डाला ओळखून थेट १.८ वर सांभाळून घेण्याचा प्रयत्न असतो, म्हणून काही बोर्डांवर हे दुखणं झाकलेलं राहतं. बूटरॉमला मात्र असलं काही येत नाही.

नोडमध्ये काय लिहायला हवं

स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाच्या जोडण्यांचा नकाशा, उघडा. कार्डाच्या खाचेतल्या पुरवठ्याच्या पिनपासून मागे बोट फिरवत जा. बहुतेक बोर्डांवर मधे एक छोटा लोड स्विच सापडतो आणि त्याची चालू-बंद करणारी पिन प्रोसेसरच्या एखाद्या जीपीआयओला (सॉफ्टवेअरच्या ताब्यातल्या पिनला) जोडलेली असते. माझ्या पहिल्या बोर्डावर तो स्विच होता. नोड मात्र चिपच्या मूल्यमापन बोर्डावरून उचललेला होता, आणि तिथे ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ बोर्डभर फिरणाऱ्या, कायम चालू असणाऱ्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवत होती. स्विचच्या पिनवर पुल-अप रेझिस्टर (तार वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा) असल्यामुळे स्विच आपोआप चालू राहत असे. म्हणून कार्ड पहिल्यांदा चालायचं आणि कोणालाच शंका यायची नाही. स्विच होता, पण कर्नलच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता.

उपाय म्हणजे त्या स्विचसाठी वेगळा ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ नोड. त्यात किमान आणि कमाल दोन्ही व्होल्टेज ३३००००० मायक्रोव्होल्ट, ‘व्हीआयएन-सप्लाय’मध्ये मूळ ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, आणि ‘जीपीआयओ’मध्ये स्विचची पिन. मग कंट्रोलरच्या नोडमधली ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ या नव्या नोडकडे वळवायची. कर्नल बंद होताना कार्ड झोपवून पुरवठा काढायला सांगतो. आता ते सांगणं ऐकणारं कोणीतरी असतं.

इथे दोन खड्डे आहेत. दोन्हींत मी पडलो आहे.

पहिला ‘रेग्युलेटर-ऑल्वेज-ऑन’. जुन्या नोडची नक्कल करताना ही ओळ सोबत येते आणि केलेलं सगळं काम वाया घालवते, कारण ती असेपर्यंत कर्नल तो पुरवठा कधीच बंद करत नाही. ‘रेग्युलेटर-बूट-ऑन’सुद्धा इथे नको. ती असली तर कर्नल सुरुवातीला पुरवठा चालूच ठेवतो, आणि कार्डाला लगेच हवा असलेला पुरवठा तुटण्याचा झटका उशिरा बसतो.

दुसरा खड्डा पिनच्या ध्रुवतेचा. एरवी जीपीआयओच्या वर्णनात शेवटचा शब्द, म्हणजे ‘ॲक्टिव्ह हाय’ की ‘ॲक्टिव्ह लो’ (वरच्या व्होल्टेजला चालू की खालच्या), निर्णायक असतो. ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’च्या नोडमध्ये तो मोजलाच जात नाही. तिथे ‘एनेबल-ॲक्टिव्ह-हाय’ ही स्वतंत्र ओळ असली तर हाय, नसली तर लो. तुम्ही पिनपुढे ‘ॲक्टिव्ह हाय’ लिहिलं, ही वेगळी ओळ विसरलात, तर कर्नल उलटं करतो : चालू म्हणताना बंद, बंद म्हणताना चालू. जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून हा नियम तसाच ठेवलेला आहे. पटो न पटो, लक्षात ठेवावा लागतो.

बदल पोचला का हे बघायला ‘डीबगएफएस’मधली ‘रेग्युलेटर_समरी’ वाचा. नव्या रेग्युलेटरच्या खाली ग्राहक म्हणून तुमचा कंट्रोलर दिसायला हवा. कार्ड काढल्यावर रेग्युलेटरच्या वापराचा आकडा शून्यावर यायला हवा. आणि मग मल्टिमीटर लावून खाचेच्या पिनवर तो खरंच शून्यावर आला का तेही बघा. कागदावरचा शून्य आणि पिनवरचा शून्य एकच असतील असं नाही.

एवढं करूनही कधीमधी होतं

दुसऱ्या बोर्डावर हेच झालं. वर्णन नीट केलं, बिघाड दर रीबूटला होत होता तो वीस-पंचवीस रीबूटांतून एकदा होऊ लागला. अशा वेळी ‘बरंच सुधारलं’ म्हणून पुढे जावंसं वाटतं. जाऊ नका.

मी ऑसिलोस्कोपची पिन खाचेच्या पुरवठ्यावर टेकवली आणि रीबूट दिला. पुरवठा तुटल्यावर रेघ कड्यावरून पडावी तशी पडेल अशी अपेक्षा होती. ती घसरगुंडीसारखी उतरत होती. २ व्होल्टपर्यंत झपकन, तिथून पुढे रेंगाळत, आणि ०.५ च्या खाली जायला सुमारे ६० मिलिसेकंद. खाचेजवळ एक मोठा कपॅसिटर होता आणि त्यातला भार वाहून न्यायला काहीच नव्हतं. कर्नल बंद आणि चालू यांच्यामध्ये नियमाप्रमाणे १ मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात व्होल्टेज जेमतेम हललेलं असे, आणि कार्डाच्या दृष्टीने पुरवठा गेलेलाच नसे.

त्यासाठी ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’मध्ये ‘ऑफ-ऑन-डिले-यूएस’ ही प्रॉपर्टी आहे. किंमत मायक्रोसेकंदांत. मोजलेले ६०, त्यावर थोडी सढळ भर घालून मी १००००० लिहिले. एकदा बंद केल्यावर १०० मिलिसेकंद झाल्याशिवाय कर्नल तो पुरवठा पुन्हा चालू करत नाही. ही किंमत अंदाजाने टाकू नका, मोजूनच टाका. दुसऱ्या बोर्डाचा आकडा तुमच्या बोर्डाचा नसतो, कपॅसिटर बदलला की आकडा बदलतो. चालू करतानाही पुरवठा हळू चढत असेल तर ‘स्टार्टअप-डिले-यूएस’ आहे.

तिसऱ्या बोर्डावर याच्याही पुढची पायरी निघाली. पुरवठा तोडला तरी रेघ १.१ व्होल्टवर येऊन थबकायची आणि तिथेच राहायची. पुरवठा बंद, तरी १.१ कुठून? डेटाच्या तारांवरच्या पुल-अप रेझिस्टरांतून. ते दुसऱ्या, कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टला बांधलेले होते. त्यांच्यातून येणारा प्रवाह कार्डाच्या आतल्या संरक्षक डायोडांतून कार्डाच्या पुरवठ्यात झिरपत होता. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. अशा परिस्थितीत कितीही मोठा विलंब लिहिला तरी उपयोग नाही.

पुल-अप असायला हवेत सिग्नलच्या पुरवठ्यावर, आणि सिग्नलचा पुरवठाही ‘व्हीक्यूएमएमसी-सप्लाय’ म्हणून लिहिलेला हवा, म्हणजे कर्नल कार्ड बंद करताना त्यालाही बंद करू शकतो. ३.३ आणि १.८ यांत बदल करणारी साधी एक पिन असेल तर ‘रेग्युलेटर-जीपीआयओ’ प्रकारचा नोड, आणि त्याच्या ‘स्टेट्स’मध्ये कोणत्या पातळीला कोणतं व्होल्टेज ते स्कीमॅटिकवरून. तयार झालेल्या बोर्डांवर मी ते पुल-अप उतरवले आणि चिपच्या आतले पुल-अप पिन-कंट्रोलच्या नोडमधून चालू केले. पुढच्या आवृत्तीत तार योग्य जागी गेली.

बूटरॉमबद्दल एक वेगळी गोष्ट. कर्नलने पुरवठा बंद केला, लगेच प्रोसेसर रीसेट झाला, पिन मूळ स्थितीत आली आणि पुल-अपने स्विच पुन्हा चालू केला. हा मधला वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो. ‘ऑफ-ऑन-डिले-यूएस’ तिथे कामाला येत नाही, कारण ते राबवणारा कर्नलच त्या क्षणी हयात नसतो. कार्डावरूनच बूट होणाऱ्या बोर्डाला रीसेटच्या वेळी पुरवठा पुरेसा वेळ तोडणारं सर्किट लागतं. हे डिव्हाइस ट्रीने सुटणारं नाही. ज्यांच्या हातात बोर्डाचं डिझाइन आहे त्यांच्यापर्यंत ते वेळेत पोचवा.

स्विचच नसेल तर

काही बोर्डांवर खाचेचा पुरवठा सरळ ३.३ व्होल्टला डकवलेला असतो. मग कार्डाला १.८ वर न्यायचंच नाही. नोडमधल्या ‘एसडी-यूएचएस’ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी काढा आणि ‘नो-१-८-व्ही’ लिहा. ही दुसरी ओळ गरजेची आहे, कारण बरेच कंट्रोलर स्वतःच्या रजिस्टरमध्ये १.८ व्होल्टची क्षमता आपणहून जाहीर करतात. चिपला जमतं, पण बोर्डाला जमत नाही, हे कर्नलला सांगणारी तीच एक ओळ. १०४ मेगाबाइटच्या मर्यादेवरून २५ वर येण्याचं दुःख होतं, हे मान्य. पण रीबूटनंतर हमखास उठणारा बोर्ड त्याहून मोलाचा आहे, आणि जे बोर्डावर नाही ते नोडमध्ये लिहून मिळणार नाही.

सारखी दिसणारी इतर दुखणी

कार्ड घातलं की ‘नाही’ आणि काढलं की ‘आहे’ असं उलटं दिसत असेल तर कार्ड ओळखणाऱ्या तारेची ध्रुवता चुकली आहे. ‘सीडी-जीपीआयओज’मधला ‘ॲक्टिव्ह लो’ आणि ‘सीडी-इन्व्हर्टेड’ ही ओळ, दोन्ही लिहिल्या तर त्या एकमेकींना छेद देतात : दोनदा उलटलेलं सुलटं होतं. पिन जीपीआयओ असेल तर ध्रुवता पिनपुढेच लिहा आणि ‘सीडी-इन्व्हर्टेड’ला हात लावू नका. ती कंट्रोलरच्या स्वतःच्या खास पिनसाठी ठेवा.

ओळखण्याची तारच नसेल तर ‘ब्रोकन-सीडी’. मग कर्नल दर सेकंदाला खाचेत डोकावतो. चालतं, पण बॅटरीवरच्या यंत्राला ते परवडत नाही. तार असूनही घाईघाईत ‘ब्रोकन-सीडी’ लिहून वेळ मारून नेलेली मी खूप ठिकाणी पाहतो. एक तास काढून ती पिन शोधाच. उलट टोकाला, काढता येणाऱ्या कार्डाच्या नोडमध्ये चुकून ‘नॉन-रिमूव्हेबल’ राहिली, तर बूटच्या वेळी नसलेलं कार्ड नंतर घातलं तरी कधीच दिसत नाही. ती ओळ बोर्डावर झाळलेल्या ईएमएमसी मेमरीसारख्या गोष्टींसाठी आहे.

कार्ड दिसतं पण फक्त वाचता येतं : मायक्रोएसडीला लेखनबंदीची कळच नसते, तरी कंट्रोलरची ती पिन अधांतरी लटकत असेल तर तो ‘कुलूप आहे’ समजतो. तिथे ‘डिसेबल-डब्ल्यूपी’.

वेग अपेक्षेच्या चौथाई : ‘बस-विड्थ’ राहिली आहे. ती नसली की कर्नल एकच तार धरतो.

लॉगमध्ये -११० ऐवजी -८४ येत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. उत्तर येतंय, पण त्याची बेरीज-तपासणी जुळत नाही. म्हणजे तारांवरचा सिग्नल गढूळ आहे : पिनची चालक-ताकद, तारांची लांबी, किंवा झेपत नसलेला वेग. ‘मॅक्स-फ्रिक्वेन्सी’ तात्पुरती खाली आणून बघा. खाली आणल्यावर बरं झालं तर संशय पक्का, पण तो इलाज नव्हे.

कंट्रोलरचा लॉगमध्ये मागमूसच नसेल तर ‘डीबगएफएस’मधली ‘डिव्हायसेस_डिफर्ड’ ही यादी वाचा. पुरवठा ज्या रेग्युलेटरकडून येतो त्याचा ड्रायव्हरच कर्नलमध्ये घेतलेला नसेल तर कंट्रोलर त्याची वाट बघत -५१७ वर कायमचा थांबतो. नवा रेग्युलेटर नोड लिहिल्यावर हे घडू शकतं.

आणि रीबूटनंतर कार्ड गायब नाही, फक्त त्याचं नाव ‘एमएमसीबीएलके०’चं ‘एमएमसीबीएलके१’ झालं, असंही असू शकतं. कर्नलच्या ५.१० या आवृत्तीपासून कंट्रोलर एकमेकांची वाट न बघता समांतर उठतात, त्यामुळे क्रमांक कोणाला आधी मिळेल याची खात्री राहिली नाही. त्याच आवृत्तीपासून ‘एलियासेस’ नोडमध्ये ‘एमएमसी०’, ‘एमएमसी१’ लिहून क्रमांक पक्के करता येतात. मूळ विभाग क्रमांकाने न सांगता त्याच्या ‘पार्टयूयूआयडी’ने (विभागाच्या स्वतःच्या कायम ओळखीने) सांगणं त्याहून निर्धोक.

पाठवण्याआधी

कर्नलच्या बांधणीत ‘डीटीबीएस_चेक’ हे डिव्हाइस ट्री तपासणारं लक्ष्य आहे. प्रत्येक कंट्रोलरच्या वर्णनाचे नियम यामल फाइलींत लिहिलेले असतात, आणि एमएमसीच्या सगळ्या कंट्रोलरांचे सामाईक नियम ‘एमएमसी-कंट्रोलर’ नावाच्या फाइलीत. ‘सीडी-जीपीआयओज’ची अक्षरं मागेपुढे झाली, रुंदी ३ लिहिली गेली, तर ही तपासणी ओरडते. नाव चुकलेली ओळ ड्रायव्हर निमूटपणे सोडून देतो, म्हणून ही तपासणी दरवेळी चालवा.

पण तिला बोर्ड दिसत नाही. ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ चुकीच्या रेग्युलेटरकडे गेली तरी तिच्या लेखी सगळं ठीकच. म्हणून मी आता स्कीमॅटिकचा कागद छापून घेतो आणि नोडमधली एकेक ओळ वाचत तिच्यासाठीच्या तारेवर पेन्सिलने खूण करतो. ज्या ओळीला तार सापडत नाही ती नोडमधून काढतो. ज्या तारेला ओळ सापडत नाही तिच्यासाठी ओळ लिहितो. तिसऱ्या बोर्डाचे पुल-अप असेच सापडले, पेन्सिल त्यांच्यावर अडली तेव्हा.

शेवटची परीक्षा रात्रभराची. बोर्ड उठला की लॉगमध्ये कार्डाची ‘न्यू अल्ट्रा हाय स्पीड’ ही ओळ शोधायची, सापडली तर मोजणी एकने वाढवून पुन्हा रीबूट, नाही सापडली तर तिथेच थांबायचं, अशी छोटी स्क्रिप्ट लिहा. मोजणी कार्डावर ठेवू नका, दुसरीकडे ठेवा. निदान तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं घ्या, आणि त्यात एक जुनं, यूएचएस नसलेलं असू द्या. त्याच्यासाठी ओळ ‘न्यू हाय स्पीड’ अशी येईल, तेव्हा स्क्रिप्टमध्ये दोन्ही शब्दरचना धरा. दर कार्डाला पाचशे रीबूट. माझा दुसरा बोर्ड पहिल्या रात्री ३१व्या रीबूटला थांबला होता. विलंब लिहिल्यावर तो सकाळी पाचशेवर उभा होता, आणि पॅच मी त्यानंतरच पाठवला.